झोक्याचा कायदा

आमच्या गावात पंचमीच्या झोक्याला कायदा होता. हसू नका. निजामाचं राज्य होतं, कचेरीतले कायदे उर्दूत असायचे आणि गावात ते वाचता येणारी माणसं दोन-तीनच होती. झोक्याचा कायदा मात्र शेंबड्या पोरीलासुद्धा तोंडपाठ. त्या कायद्याचा मला लई अभिमान होता. आता त्याची आठवण आली की तोंड कडू होतं, आणि आठवण तर रोज येते.

नागपंचमीला आमच्याकडं चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. उकडलेले दिंड खायचे आणि लाह्या. शेतात नांगर नाही, विहिरीवर मोट नाही. मोट बंद म्हणून मोटेचा नाडा मोकळा असायचा, तोच नाडा गावाबाहेरच्या मोठ्या चिंचेला बांधून झोका व्हायचा. समोरच्या फांदीला हळदीत भिजवलेली चिंधी बांधायची. फळीवर उभं राहून झोका चढवत न्यायचा आणि कपाळाला चिंधीची हळद लावून घ्यायची. एकीपेक्षा जास्त जणींच्या कपाळाला लागली की चिंधी वरच्या फांदीला जायची. शेवटी एकटीच उरायची ती जिंकली. तिला पाटलाच्या घरचा खण मिळायचा, पण खणाचं काय एवढं, वर्षभर गावात नाव राहायचं.

कायदा एवढाच, चिंधीला शिवायचं, झाडाचा पाला मोडायचा नाही. पंचमीच्या दिवशी झाडाचं पान तोडलं तर ते तोडणारीच्या भावावर जातं, असं मानत. आदल्या दिवशी आम्ही भावासाठीच उपास धरायचो, तेव्हा हे सगळ्यांना पटलेलंच. दुसरी गोष्ट कुणी कायदा म्हणून सांगत नसे, पण होती. चढाओढ गावच्या लेकींची. सुनांनी नंतर झोका घ्यायचा, बसून, डोक्यावर पदर ठेवून, चार हेलकावे, आणि उतरायचं.

लागोपाठ दोन वर्षं मी जिंकले होते. तिसऱ्या वर्षी माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि मी माहेरवाशीण म्हणून आले होते. कुणी म्हणेल पोरवय होतं. कसलं पोरवय, सासरी नांदत होते, दहा माणसांचा स्वयंपाक करत होते. सासरी तोंड वर करून बोलायची सोय नव्हती, म्हणून माहेरी आल्यावर मी नुसती उधळले होते. आईच्या चुलीपाशी पाय पसरून बसायचं, हे आण, ते दे म्हणायचं. आणून देणारी होती माझी वैनी.

वैनी माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. पण नणंद म्हणून मला वन्सं म्हणायची, अहोजाहो करायची. तिचं माहेर हद्दीच्या ओढ्यापलीकडचं, बार्शीकडचं. आमच्या भागाला मोगलाई म्हणायचे आणि पलीकडं इंग्रजी मुलूख. बैलगाडीनं सकाळी निघालं तर दुपारच्या भाकरीला तिथं. तेवढ्या वाटेत मध्ये नाका. करोडगिरीचे लोक गाडी थांबवायचे, गाठोडी सोडायचे, पाहिजे ते काढून घ्यायचे. त्या वर्षी तर विचारू नका. पलीकडं स्वातंत्र्याचे झेंडे लागले होते, इकडं निजाम बसलेला होता, आणि नाक्यावरच्या लोकांच्या डोक्यात वारं शिरलं होतं.

त्याच वर्षी श्रावण अधिक आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा, जावयाला वाण द्यायचा महिना. वैनीचा भाऊ पाटीभर अनारसे, वर धोतरजोडी असं घेऊन निघाला आणि आमच्या दारात उतरला तेव्हा पाटी रिकामी. अनारसे नाक्यावर खाल्ले, धोतर ठेवून घेतलं. त्यानं हात जोडून हे आईला सांगितलं. आणि मग सांगितलं की त्यांची आई अंथरुणाला खिळलीय, लेकीचा जप करतीय, पंचमीला तिला धाडा.

माझी आई आता नाही, गेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. मी बोलते. तिला त्या पोराचं एक अक्षर खोटं वाटलं नव्हतं. नाका तिलाही माहीत होता. पण भावकीतल्या बायका ओट्यावर बसलेल्या होत्या आणि जावयाच्या दारात पाटी रिकामी आली होती. ती म्हणाली, "आमचा मान नाक्यावर ठिवून आलात, तर लेकबी नाक्यावरनंच न्या की." त्याला जेवायला वाढलं, पण लेक धाडते म्हणाली नाही; पंचमीचा निरोप मागनं धाडते, एवढंच बोलली. वैनी मागच्या दारी भांडी घासत होती. भाऊ निघाला तरी हात खळबळत तशीच घासत राहिली. मी बघत होते. मला तेव्हा वाटलं, किती कोडगी आहे.

पंचमीच्या दिवशी दुपारी सगळ्या बायका चिंचेखाली जमल्या. आईला माझ्यामुळं भारी तोरा चढलेला. कुणीतरी तिला टोचलं, "लेकीचं कौतुक करतीस, सुनेला पंचमीला डांबून ठिवलंस व्हय गं?" आई काय ऐकून घेणार. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "धाडते की. माझ्या लेकीला झोक्यावर हरवून दाखव म्हणावं. उद्या सकाळी गाडी जुंपून द्यायला लावते." बायका हसल्या. सुनेनं चढाओढीत उतरायचंच नसतं, मग बोलायला काय जातंय, असा आईचा हिशेब.

वैनी हसली नाही. ती आईपुढं येऊन उभी राहिली आणि विचारलं, "आत्याबाई, खरंच धाडताल?"

आता आईला मागं फिरता येईना. ती म्हणाली, "शब्द दिला म्हंजी दिला."

झाडाखाली निवाड्याला बसायची ती गावची म्हातारी सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळं तिच्यापुढं पाटलीणबाईसुद्धा बोलत नसत. सुनेनं उतरायचं का, असं दोघी-चौघींनी तिला विचारलं. ती म्हणाली, "सासूनंच म्हणलंय. मी कोण न्हाय म्हणणार?"

पहिल्या फांदीला आम्ही पाच जणींनी कपाळ लावलं. दुसऱ्या फांदीला मी आणि वैनी. वैनीनं पदर कमरेला खोचला होता, डोकं उघडं. गावातल्या एका सुनेचं डोकं असं उघड्यावर बघायची बायकांना सवय नव्हती, त्या कुजबुजायला लागल्या. वैनीला त्याचं काही नव्हतं. फळीवर ती गुडघ्यात अशी वाकायची आणि असा दाब द्यायची की नाडा करकरायचा. ती माहेरी किती वर्षं हेच करत आली असेल ते मला त्या वेळी कळलं. वर्षभर आमच्या घरात राहून तिनं एकदाही सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या फांदीला चिंधी बांधली. मी आधी गेले. खूप वर गेले, खाली बघितलं तर आई एवढीशी दिसली. चिंधी कपाळापासून चार बोटांवर राहिली. पुन्हा दाब दिला, पुन्हा चार बोटं. तीन खेपा मिळायच्या, तिन्ही गेल्या. उतरले तेव्हा मला रडू येत होतं.

वैनी चढली. पहिली खेप अशीच गेली. दुसऱ्या खेपेला ती फांदीत शिरली, पानं सळसळली, आणि खाली येताना तिच्या कपाळावर हळद होती. अगदी ढळढळीत, नाकापर्यंत ओघळलेली. आणि दातात चिंचेची एक बारीक डहाळी.

तिच्या माहेरी चढाओढ तशीच होती. तिकडं चिंधी नाही, हळद नाही. फांदीचा पाला दातात धरून आणायचा, तीच खूण. लहानपणापासून तिचं अंग तेच शिकलेलं होतं. वर गेलं की तोंड आपोआप उघडायचं. कपाळाला हळद लागलीय, आता पाला कशाला, एवढा विचार करायला वर कुठं सवड असते? डहाळी दातात आहे हे तिच्याही ध्यानात नव्हतं. झोका थांबता थांबता तिनं ती थुंकून टाकली आणि हसत आईकडं बघितलं. लग्न होऊन आल्यापासून मी तिला तसं हसताना पहिल्यांदा बघितलं.

बायका टाळ्या पिटत होत्या. सुईणीनं ती डहाळी बघितली होती. तिच्या पायापाशीच पडली होती. म्हातारीनं हळूच लुगड्याचा घोळ त्याच्यावर सरकवला. तेही मी बघितलं.

मी ओरडले, "तिनं पाला मोडला!"

टाळ्या थांबल्या. मी पुढं गेले, म्हातारीचा घोळ बाजूला केला आणि डहाळी उचलून वर धरली. म्हटलं, "ही बघा. कायदा म्हंजी कायदा. पंचमीला पाला मोडला, भावावर जातं."

मला तिच्या भावाचं काही पडलं नव्हतं. खरं लिहायचं तर लिहिते. मला हरायचं नव्हतं. सासरी मी कुणी नव्हते, आणि गावातही आता दुसरी कुणी मोठी होणार, आणि तीही आमच्या घरची भांडी घासणारी, हे मला सोसलं नाही. आदल्या वर्षी माझ्याच वेणीत चिंचेचा पाला अडकून आला होता, चांगला मूठभर. तो सगळ्यांनी बघितला होता आणि कुणी ब्र काढला नव्हता. पाटलाच्या सुनेनं तर हसत हसत तो वेचून काढला होता. तेव्हा कायदा कुठं गेला होता?

सुईणीनं लुगड्याचा घोळ सावरला. मग म्हणाली, "मी बघितलं नव्हतं. आता तू दावलंस, आता बघावं लागतंय." तिनं निवाडा दिला, सून बाद, लेक जिंकली. खण माझ्या ओटीत पडला. म्हातारी उठताना माझ्याजवळ वाकून म्हणाली, "लई शानी झालीस गं." त्यानंतर ती मरेपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणालासुद्धा आली नाही, दुसरीला धाडलं.

वैनी एकदाच बोलली. "आत्याबाई, हळद लागलीय की. बघा तरी." आईनं बघितलं नाही. तिला सुटका मिळाली होती, ती कशाला बघेल. घरी आल्यावर वैनीनं तोंड धुतलं, चूल पेटवली आणि दिंड उकडायला ठेवले.

दुसऱ्या दिवशी बांगडीवाला पलीकडच्या गावांना निघाला होता. आई मला म्हणाली, "त्याला सांग, व्याह्यांच्या घरी निरोप दे, सून या साली येत न्हाय." मी वेशीपर्यंत जाऊन सांगितलं. बांगडीवाला बोलका माणूस, त्यानं विचारलं, "का वं, तिकडं आई आजारी हाय म्हणत्यात?" आता काय सांगू? आम्ही धाडत नाही म्हणावं तर घराची बदनामी. गावोगाव फिरणारा माणूस, चार ठिकाणी बोलणार. मी म्हटलं, "तिलाच यायचं न्हाय. हितं झोक्यात रमलीया. पंचमी हितंच करते म्हणाली." किती सहज तोंडातून गेलं ते. मी घरी येऊन आईला नुसतं "दिला निरोप" एवढंच सांगितलं.

दोन दिवसांनी मी सासरी गेले. दिवाळीनंतर मोगलाईत रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. ओढ्यापलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावण्या पडल्या, अलीकडच्या गावांत रझाकार घोडी घेऊन फिरायला लागले. वाट बंद. कुणी ओढा ओलांडला तर इकडचे म्हणत तिकडचा हेर, तिकडचे म्हणत इकडचा. वैनीची आई संक्रांतीच्या आधी गेली. वैनीला कळलं त्याला वीस-बावीस दिवस उलटले होते, तेही सरकीच्या पोत्यांबरोबर पळून आलेल्या एका गाडीवानाकडून. सुतकाचे दिवससुद्धा संपलेले. नुसती आंघोळ केली आणि कामाला लागली, असं आईनंच मला पुढं सांगितलं. सांगताना आई तुळशीकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

त्या पुढच्या पंचमीला चिंचेला झोकाच बांधला नाही. गाव निम्मं रिकामं होतं, बाया-पोरं पलीकडं नेऊन ठेवलेली. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, नाका ओस पडला. त्याची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या.

मग पुढच्या साली आईनं आपणहून गाडी जुंपायला लावली. वैनीला म्हणाली, "जा, पंचमी माहेरी कर. कवा न्हवं ते जा." वैनीच्या कडेवर सहा महिन्यांचं लेकरू होतं. वाटेत धरायला कुणी पाहिजे, म्हणून आईनं मला संगं दिलं. दादा, माझा भाऊ, गाडी हाकायला. ओढ्याजवळ आलो तर नुसता रस्ता, थांबवणारं कुणी नाही. दादा म्हणाला, "बघ, किती जवळ हाय." वैनी मागं पडलेल्या ओस नाक्याकडं बघत होती.

तिचा भाऊ वेशीपर्यंत सामोरा आला होता. धडधाकट, अंगानं भरलेला, डोक्याला नवा पटका. ज्याच्यावर जाईल म्हणून मी कोकलले होते, त्याला साधं पडसंसुद्धा झालं नसावं. त्यानं आमचे बैल सोडले, दादाला पान दिलं, मला "बसा ताई" म्हणून घोंगडं टाकलं. पाटी रिकामी नेली म्हणून आमच्या दारात जे ऐकलं होतं, त्याचा एक शब्द काढला नाही. माणूस असं चांगलं वागलं की अंगावर काटा येतो.

जेवणं झाली. दादा बैलांकडं गेला. आम्ही चौघंच उरलो, भाऊ, भावजय, वैनी आणि मी. लेकरू माझ्या मांडीवर झोपलं होतं. वैनीनं आईचं विचारलं. कशी होती, शेवटी काय खायची, कुणाच्या मांडीवर गेली. भाऊ सांगत होता. मग तो म्हणाला, "एक राग हाय तुझ्यावर. बोलू का?"

"बोल की दादा."

"आमाला वाटलं सासूच धाडत न्हाय, पण त्या पंचमीला तूच यायचं न्हाय म्हणालीस. झोक्यात रमलीस म्हणून निरोप आला, बांगडीवाल्याकडनं. आईनं ऐकलं आणि भितीकडं तोंड केलं. मग तुझं नाव काढलं न्हाय तिनं. शेवटपतुर न्हाय काढलं. एवढा झोका गोड लागला व्हय गं तुला?"

वैनी त्याच्याकडं बघत राहिली. तिला हा निरोप माहीतच नव्हता. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.  तिला कळलं होतं, ते मला कळलं. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. एवढंच म्हणायचं होतं, मी खोटं बोलले, ती यायला तडफडत होती. दोन वाक्यं. भर गावात कायद्यासाठी घसा फोडणारी मी, तिथं तिघांपुढं गप्प बसले. मांडीवरचं लेकरू थोपटत राहिले.

वैनी भावाकडं वळून म्हणाली, "व्हय दादा. म्हणले होते म्या."

भावानं डोळे पुसले आणि बाहेर गेला. भावजय भांडी आवरायला लागली. पंचमी झाली, आम्ही गाडीतून परत आलो. वाटेत तिनं लेकरू माझ्याकडून मागून घेतलं, एवढंच. पुढं ती तीस वर्षं आमच्या घरात नांदली, मला वन्सं म्हणत राहिली, माझ्या लेकींची बाळंतपणं तिनं केली. त्या निरोपाबद्दल तिनं मला कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

ती गेली. तिचा भाऊ आहे अजून, म्हातारा झाला, काठी घेऊन फिरतो म्हणतात. त्याच्या मनात बहिणीबद्दल अजून तेच आहे. त्या गावाला आता एसटी जाते. मी गेलेले नाही.